स्वयंपाकघर-जेवणघराला कोटा फरशी: तीन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली भिंत काढून दोन्हींची एक खोली करायची असे ठरले, तेव्हा ओटा, कपाटे आणि दिवे यांचा विचार आम्ही महिनाभर केला आणि फरशीचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलला. ही चूक भिंत पडली त्याच दिवशी ध्यानात आली. भिंतीच्या जागी पाच इंच रुंदीची उघडी चर होती. तिच्या एका बाजूला १९८९ सालचे, इमारतीच्या वेळचे दहा इंची मोझॅक होते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरात मागाहून मोझॅकवरच चिकटवलेल्या सिरॅमिक टाइल्स होत्या. दोन्हींच्या पातळीत जवळजवळ पाऊण इंचाचा फरक होता. नुसती चर बुजवून भागण्यासारखे नव्हते, सगळी जमीनच नव्याने करावी लागणार होती. पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या या एकशे पंचाण्णव चौरस फुटांच्या खोलीसाठी आम्ही शेवटी कोटा फरशी निवडली. ती घालून आता तीन पावसाळे झाले आहेत, म्हणून तिच्याविषयी अनुभवाने लिहिता येईल असे वाटते.

निर्णय आधीच सांगते: पुन्हा वेळ आली तर मी हीच फरशी घेईन, पण ती घालणारी आणि घासणारी माणसे यांची निवड अधिक काळजीने करीन.

अशा एकत्र खोलीची अडचण ही की तिथली जमीन दोन वेगळ्या कामांची असते. ओट्याखालच्या चार फुटांच्या पट्ट्यात तेलाचे शिंतोडे, भाज्यांचे पाणी, सांडलेले पीठ आणि मधूनच हातातून निसटणारा कुकर, तर सहा पावलांवर पाहुण्यांची पाने मांडलेली असतात. शिवाय आपल्याकडे जेवणघराची जमीन केवळ चालण्यासाठी नसते. आमच्या घरात मटार सोलायला, चकल्या पाडायला आणि मेथी निवडायला आजही जमिनीवरच बसतात, आणि गौरी जेवतात त्या दिवशी टेबल भिंतीला लावून पाटांची पंगत मांडली जाते. म्हणून फरशी निवडताना डोळ्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, अनवाणी पावलांचे मत घ्यायला हवे होते.

दुकानांत ते मिळत नाही. तिथे टाइल उभी लावलेली असते, तिच्यावर वरून झगझगीत दिवा सोडलेला असतो आणि आपण पायात चपला घालून तिच्यासमोर उभे असतो. म्हणून आम्ही पाच ठिकाणांहून तुकडे मागून आणले: चकचकीत विट्रिफाइड (भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल), मॅट म्हणजे बिनचमकेची विट्रिफाइड, पांढरा संगमरवर, काळा ग्रॅनाइट आणि हिरवट निळसर कोटा. ते बाल्कनीत आडवे मांडले आणि प्रत्येकावर हळद घातलेले तेल, चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ, चहा आणि पालथी घातलेली लिंबाची फोड असे ठेवून रात्रभर तसेच राहू दिले. ज्यांना नवीन फरशी करायची आहे त्या प्रत्येकाने हा खटाटोप करावा असे मला मनापासून वाटते, कारण दुकानदाराच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून जे कळले नव्हते ते त्या एका सकाळी कळले.

संगमरवरावर लिंबाच्या फोडीचा गोल ठसा उमटला होता. तो डाग नव्हता. त्या जागेची चमकच खाल्ली गेली होती आणि बोटाने चाचपले तर किंचित खरखर लागत होती. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट पदार्थ त्याला विरघळवतो, त्यामुळे असा ठसा पुसून जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. ज्या घरात रोज आमटीत चिंच किंवा आमसूल पडते त्या घरातल्या स्वयंपाकाच्या जागेला पांढरा संगमरवर नको, हे तिथेच ठरले. हळदीचा डाग मात्र पाहण्यासारखा होता. साबणाचे पाणी लागताच तो पिवळ्याचा लाल झाला. क्षार लागला की हळदीचे कुंकू होते, हे आपल्याला ठाऊक असते, पण फरशीवर ते घडताना पाहिले की क्षणभर धस्स होते. हाच डाग दोन दिवस उन्हात ठेवल्यावर बराचसा उडाला, कारण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. खिडकीजवळच्या आणि कोपऱ्यातल्या डागांमध्ये फरक का पडतो, याचे उत्तर यातच आहे.

चकचकीत विट्रिफाइडवर काहीही उरले नाही. ही टाइल तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे डागांच्या परीक्षेत ती पहिली यावी यात नवल नाही. मॅट विट्रिफाइडही डागली नाही. मात्र आम्ही आणलेल्या तुकड्याला साखरेच्या दाण्यासारखी खरखर होती आणि तिच्या बारीक खळग्यांत अडकलेली हळद ब्रशने घासूनच निघाली. तिच्यावर रांगोळीची चिमूट टाकून पाहिली, तर तीही त्याच खळग्यांत बसली. कोट्याने दोन गोष्टी कबूल केल्या. तेलाची जागा थोडी गडद झाली आणि लिंबाखाली फिकट ठसा आला. कोटाही चुनखडीच्याच कुळातला दगड आहे, पण त्यात सिलिका असते आणि त्याचा कण बारीक असतो, म्हणून त्याच्यावरचा ठसा संगमरवरापेक्षा पुष्कळ उथळ होता. दगड मुळात चकाकता नसल्याने तो तिरप्या उजेडातच दिसत होता.

मग पावलांची परीक्षा. प्रत्येक तुकड्यावर पाणी आणि तेलाचे चार थेंब टाकून, गजाला घट्ट धरून, मी अनवाणी उभी राहिले. चकचकीत टाइलवर पाय ठरेना. माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत आणि काही वर्षांपूर्वी नातेवाइकांकडे अशाच चकचकीत जमिनीवर, सांडलेल्या जेमतेम वाटीभर पाण्यावरून घसरून त्यांचे मनगट मोडले होते. ते आठवले आणि त्या टाइलचा विषय आमच्यापुरता संपला. टाइल घसरडी आहे की नाही, यासाठी आर ९ ते आर १३ अशी एक श्रेणी वापरतात. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. दुकानदार सांगू लागला तर हा आकडा जरूर विचारावा, पण ती चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालण्याची असते, हेही लक्षात ठेवावे. ओल्या जमिनीवर अनवाणी चालण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे आणि आपल्या घरांना तीच लागू पडते. आम्ही गेलो त्या एकाही दुकानात तिच्याविषयी कोणी आपणहून बोलले नाही.

बाकीचे पर्याय लवकर निकाली निघाले. लॅमिनेटची लाकडी जमीन देखणी असते, पण तिचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. सांध्यातून पाणी शिरले की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. दगडाची भुकटी व प्लास्टिक यांपासून केलेल्या विनाइलच्या फळ्यांना पाण्याचे भय नाही, पण कढई खाली ठेवायची आणि भरलेला सिलिंडर ओढायचा, या दोन सवयी आमच्या घरातून जातील अशी खात्री मला देता येईना. ग्रॅनाइट उत्तम दगड आहे, ओट्याला तोच लावला आहे. जमिनीला काळा रंग नको वाटला, कारण त्यावर पिठाचा कण आणि पाण्याचा वाळलेला थेंब दोन्ही उठून दिसतात. शहाबादीविषयी मला लहानपणापासून जिव्हाळा आहे, आमच्या गावच्या घराची माजघरातली जमीन तीच होती, परंतु बाजारात मिळाला तो माल गच्चीला आणि अंगणाला शोभेल असा ओबडधोबड होता.

शेवटी स्पर्धा उरली ती चांगली गुळगुळीत मॅट विट्रिफाइड आणि कोटा यांच्यात, आणि ती अटीतटीची होती. विट्रिफाइडच्या बाजूने पुष्कळ काही होते: सारखी जाडी, झटपट काम, डागांची चिंता नाही. कोट्याच्या बाजूने एकच गोष्ट होती, पण ती मला भारी वाटली. कोटा वरून जसा असतो तसाच आतूनही असतो. वरवंटा पडून विट्रिफाइडचा टवका उडाला, तर वरच्या नक्षीच्या थराखालचा वेगळ्या रंगाचा गाभा कायमचा दिसत राहतो आणि ती टाइल बदलण्यावाचून इलाज नसतो. कोट्याला खळगा पडला तरी आतला रंग तोच असतो, आणि दहा वर्षांनी सगळी जमीन निस्तेज झाली तर यंत्राने पुन्हा घासता येते. तिसऱ्याच महिन्यात आमच्याकडून पाच लिटरचा कुकर कोपऱ्यावर पडला. त्याची खूण कुठे आहे हे मला माहीत आहे म्हणून मी दाखवू शकते, पाहुण्याला ती सापडणार नाही.

वजनाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. इंचभर जाडीचा कोटा चौरस फुटाला सुमारे सहा किलो भरतो, म्हणजे आमच्या खोलीत नुसती फरशीच बाराशे किलोंच्या आसपास गेली. विट्रिफाइड याच्या साधारण एकतृतीयांश असते. भिंत काढण्यासाठी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्यावाच लागला होता, त्याच वेळी त्यांना फरशीचेही विचारले. त्यांनी जुन्या टाइल्स, मोझॅक आणि त्याखालचा माल पूर्ण उचलल्याखेरीज दगड घालायचा नाही, अशी अट घातली. ‘जुन्यावरच नवे बसवून देतो, तोडफोड वाचेल,’ असे सांगणारे कंत्राटदार भेटतात. दगडाच्या बाबतीत त्यांचे ऐकू नये.

कोटा हा राजस्थानातल्या कोटा जिल्ह्याचा, मुख्यतः रामगंज मंडीच्या परिसरातल्या खाणींचा माल आहे. तो थरांचा दगड असल्याने हलक्या प्रतीच्या फरशीचे कालांतराने पापुद्रे सुटतात, आणि ही खोड विकत घेतानाच ओळखावी लागते. आमच्या मिस्त्रींनी वखारीत पाऊल ठेवताच सांगितले, ‘‘ताई, आधी वाजवा, मग मोजा.’’ फरशी उभी धरून तिच्यावर नाण्याने टिचकी मारली की चांगला दगड खणखणीत वाजतो, आणि आत थर सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो. आम्हाला बावीस इंची चौकोनी फरश्या हव्या होत्या. कापण्यातली घट धरून चौसष्ट नग घेतले आणि त्यांतले नऊ या परीक्षेत नापास झाले. ते दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिले. रंगही तिथेच जुळवून घ्यावा लागतो. सगळ्या फरश्या ओल्या करून, उन्हात आडव्या मांडून, फार हिरव्या आणि फार राखाडी वेगळ्या काढल्या. त्या टाकल्या नाहीत, ओट्याखाली आणि फ्रीजमागे लावल्या. भाव चौरस फुटाला अठ्ठावन्न रुपये पडला. बसवणे आणि घासणे यांची मजुरी मात्र पंच्याऐंशी झाली, म्हणजे दगड स्वस्त आणि हात महाग असा हिशेब होता. मॅट विट्रिफाइडचे सगळे मिळून जवळपास तेवढेच झाले असते.

बसवताना दोन गोष्टींवर आम्ही अडून राहिलो आणि त्यांचे चीज झाले. पहिली ढाळाची. स्वयंपाकघर धुता यावे म्हणून जमिनीला ढाळ देण्याची जुनी पद्धत आहे आणि मिस्त्रींचाही तोच आग्रह होता. पण ढाळावर जेवणाचे टेबल डगमगते आणि पाटही नीट बसत नाही. म्हणून सगळी खोली पाणसळीला सपाट ठेवली आणि धुण्याभांड्यांचे काम ड्राय बाल्कनीत नेऊन तिथे ढाळ दिला, मधे पाऊण इंच उंचीचा उंबरठा ठेवला. आता ही खोली धुतली जात नाही, पुसली जाते. दुसरी गोष्ट सांध्यांच्या ओळीची. दोन जागांना दोन वेगळ्या फरश्या लावून मधे पितळी पट्टी टाकण्याची सूचना अनेकांनी केली होती. मला ती पटली नाही. भिंत काढायची आणि तिच्याच जागी जमिनीवर रेघ ओढायची, तर ती भिंत काढली कशाला? एकच फरशी सलग घातली, पूर्ण नग बैठकीच्या दारापासून सुरू केले आणि कापलेले तुकडे सगळे कपाटांखाली गेले. सांध्यांच्या ओळी ओट्याला समांतर ठेवल्या आहेत. दारातून आत येताना नजर अडत नाही, ती थेट खिडकीपर्यंत जाते.

तक्रार आहे ती घासाईच्या कामाची. कोटा बसवल्यानंतर यंत्राने जाड्या दगडापासून बारीक दगडापर्यंत टप्प्याटप्प्याने घासतात. चार दिवस घरभर करड्या रंगाचा चिखल होतो, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणे हे कर्तव्यच आहे. आम्हाला आरशासारखी चकाकी नको होती, शेवटचे टप्पे गाळून मंद झळाळीवर थांबायचे होते आणि तसे लिहूनही दिले होते. कंत्राटदाराने पाठवलेल्या माणसांनी तिथे थांबण्याचे ऐकले, पण सांध्यांबाहेर आलेले सिमेंट झटपट निघावे म्हणून, आम्ही घरात नसताना, खिडकीजवळ ॲसिड टाकून धुतले. संध्याकाळी परतलो तेव्हा तिथे दोन-तीन फुटांचा पांढुरका पट्टा उमटला होता. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘दगड भाजल्यासारखा झालाय गं.’’ त्यांचे वर्णन अचूक होते. लिंबाच्या फोडीने जे एका रात्रीत थोडे केले होते, तेच ॲसिडने पाच मिनिटांत खोलवर केले होते. तो भाग पुन्हा घासून घेण्यासाठी आठ दिवस पाठपुरावा करावा लागला. आज उन्हाच्या तिरिपेत तिथली झळाळी किंचित वेगळी दिसते. ज्यांना कोटा घालायचा आहे त्यांनी ‘ॲसिड वापरणार नाही’ हे शब्द करारात लिहून घ्यावेत आणि त्या दिवशी घरातल्या कोणीतरी तिथे हजर राहावे.

पहिल्या दोन महिन्यांत काही सांध्यांजवळ पांढरी पूड येत राहिली. हे खालच्या मालातले क्षार आहेत, ओल वर येताना ते घेऊन येते, आणि कोरड्या फडक्याने पुसत राहिले की हळूहळू थांबते. म्हणूनच दगडात मुरणारा सीलर आम्ही लगेच लावला नाही. ओल निघून जाऊ दिली आणि त्यानंतर महिना उलटल्यावर लावला. सीलर लावल्यापासून तेल सांडले तर पुसायला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. ओट्याखालच्या पट्ट्यात तो दरवर्षी दिवाळीच्या आधी पुन्हा लावते. पाण्याचा थेंब टाकून पाहायचे, तो मोत्यासारखा न राहता पसरून दगड गडद झाला, तर वेळ झाली असे समजायचे. रोज पुसायला साधे पाणी आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबण, एवढे पुरते. व्हिनेगर किंवा लिंबू घालून फरशी पुसण्याचा घरगुती सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण चुनखडीच्या दगडाला तो घातक आहे.

राहण्याच्या दृष्टीने ही फरशी कशी आहे, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जेवण झाल्यावर तिच्यावर नुसते बसले तरी बरे वाटते. सासूबाई त्या दोन महिन्यांत चटईदेखील घेत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी पाय ठेववत नाही. त्यांच्यासाठी टेबलाखाली सतरंजी घालावी लागते आणि घरात वापरायच्या सपाता लागतात. रंगामुळे खोली पूर्वीपेक्षा थोडी काळोखी झाली आहे, हेही सांगायला हवे. भिंत काढल्याने जो उजेड मिळाला त्यातला काही या दगडाने परत घेतला. भिंती पांढऱ्या ठेवल्या म्हणून निभावले. उत्तरेकडे एकच लहान खिडकी असलेल्या खोलीला मी कोटा सुचवणार नाही. भाड्याच्या घराला, किंवा आठ दिवसांत काम उरकायचे असेल तिथे, गुळगुळीत मॅट विट्रिफाइड घ्यावी, दोन-दोन मिलिमीटरचे सांधे सोडून ते इपॉक्सीने, म्हणजे राळेच्या मसाल्याने, भरावेत, म्हणजे सिमेंटच्या सांध्यांसारखे ते काळे पडत नाहीत.

गेल्या गौरींच्या जेवणाला याच जमिनीवर अकरा पाट मांडले होते. पानांभोवतीची रांगोळी संध्याकाळी ओल्या फडक्याने एका हातात निघाली. कोकमाच्या सारात पाय पडून एक वाटी कलंडली होती, तिचा माग सीलरमुळे राहिला नाही. काम संपल्यावर उरलेल्या पाच फरश्या आम्ही विकल्या नाहीत. पुढच्या खाणीतला दगड याच छटेचा मिळेल याची हमी कोणी देत नाही, म्हणून त्या कागदात गुंडाळून, मागे तारीख लिहून, कपाटाच्या तळाशी उभ्या ठेवल्या आहेत.